पिवळा पडलेला बांध

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी कडेगावात न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. एका गालाची दाढी उतरली होती, दुसऱ्या गालावर साबण होता. "काका, नाना गेले... लगेच या," एवढंच त्यांची सून वैशाली म्हणाली. मी साबण पुसला आणि तसाच गाडीला किक मारून निघालो. स्मशानात लोक माझ्याकडं बघायचे आणि पटकन नजर वळवायचे. मला वाटलं, आपलं दुःख चेहऱ्यावर फारच दिसतंय. घरी येऊन अंघोळीआधी आरशात डोकावलो तेव्हा कळलं, की एका बाजूची पांढरी दाढी शाबूत होती. साठी ओलांडलेला निवृत्त मास्तर, आणि जिवाभावाच्या माणसाला असा निरोप! नाना तिरडीवरून उठून म्हणाले असते, "मास्तर, एक तरी काम पुरं करत जावा."

दिनकरनाना म्हणजे माझ्या बांधाला बांध लागून असलेले शेतकरी. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले. सासुरवाडी पाटणकडची, तिथून सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आणल्या आणि बघता बघता त्या चौदा केल्या. आमच्याकडं बांध म्हटला की सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात. आमच्या दोघांतला बांध मात्र दोघांनीही कधी कोरला नाही, कारण पेट्या तिथंच मांडलेल्या. त्यावर एकदांडी, कुर्डू, रानतुळस, जे उगवेल ते नाना उगवू द्यायचे. खरं सांगायचं तर माझ्या डोळ्यांना तो बांध सलायचा. एका बाजूला माझा पट्टीनं आखल्यासारखा ऊस, आणि शेजारी हे झिपरं गवत!

दोन वर्षांपूर्वी नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीला झालं. आठवडाभर तिकडंच राहायचं होतं. जाताना मला बजावून गेले, "मास्तर, पेट्यांकडं ध्यान असू द्या. किडीचं औषध आजूबाजूला मारू देऊ नका." मी मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशी पाठीवर पंप अडकवला. नाना आले की स्वच्छ बांध बघून खूश होतील, अशी माझी कल्पना. औषध तर तणाचं होतं, किडीचं नव्हतं. आणि माशी म्हणजे काय गवत असतं होय? तीस वर्षं मी पोरांना परागीभवन शिकवलं; फळ्यावर फूल काढलं, माशी काढली, बाण काढले. पण फवारलेलं फूल चार दिवस तसंच टवटवीत राहतं, माशी त्यावर बसतच राहते, आणि तिथलं सगळं पोळ्यात नेऊन ठेवते, हा बाण मला कधी सुचला नाही.

नाना काळा चष्मा लावून परतले, बांधावर उभे राहिले आणि चष्मा वरखाली करायला लागले. "मास्तर, हे समदं पिवळं का दिसतंय वो? डोळ्यात घालायच्या औषधानं का काय?" त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. पण त्यांच्या आवाजातली काळजी ऐकली आणि माझं अवसान गळालं. "असंल," मी म्हणालो. "पहिले काही दिवस रंग जरा इकडंतिकडं दिसतात म्हणे." नाना बिचारे पंधरा दिवस डोळ्यांत थेंब घालत राहिले...

पुढं मध निघाला. घरोघरी बाटल्या गेल्या. सांगलीचा एक दुकानदार म्हणाला, मी तुमचा मध ठेवतो, पण आधी तपासून आणा. नानांनी नमुना पाठवला. अहवाल आला तो इंग्रजीत, म्हणून वाचायला माझ्याकडंच! ओसरीवर बसून मी मोठ्या आवाजात वाचत होतो. पाण्याचं प्रमाण ठीक, साखरेची भेसळ नाही. नाना मिशीतल्या मिशीत हसत होते. शेवटच्या ओळीवर मी अडलो. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ओळ तीच होती.

"काय म्हणतोय कागद?"

"नाना, ह्यात तणनाशकाचा अंश आहे म्हणतात."

"माझ्या मधात? कुठनं यील? मी तर ते घरात बी आणत न्हाई."

"नाना... ते पिवळं दिसत होतं ना, ते डोळ्यांमुळं नव्हतं."

त्यांनी माझ्या हातातून कागद काढून घेतला. मग मीच बडबडायला लागलो, की अंश अगदी बारीक आहे, एवढ्याशानं लगेच कुणाला काही होत नसतं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "व्हतंय का न्हाई ते मला ठावं न्हाई आन् तुमास्नी बी न्हाई. पर मी मान्सांच्या दारात जाऊन सांगितलंय, ह्यात काय न्हाई. आता हाय. उठा, गाडी काढा."

मी गाडीवर, मागं मांडीवर रिकामं क्रेट घेतलेले नाना. हुकूम असा, की कबुली मी द्यायची आणि ते नुसते उभे राहणार. पहिल्याच दारात मी सुरुवात केली, "त्याचं असं आहे, की वनस्पतीच्या अंतर्गत वहनामध्ये..." पाठीत क्रेटचा कोपरा टोचला. "मास्तर, सरळ सांगा." मग सरळ सांगितलं. मी फवारलं, नानांना फसवलं, बाटली परत द्या. देवळाशेजारच्या आक्कांनी बाटली संपवलीच होती. त्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "आता गं बया! म्हंजी पंचामृतातनं देवाला बी पाजलंस व्हय रं, मास्तर?" गल्ली हसली. त्या गल्लीत माझे निदान चाळीस विद्यार्थी राहतात.

सगळ्यात शेवटी माझं घर. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फवारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बांधावरनं तांदुळशाची भाजी खुडून आणली होती. ती?" मी ती भाजी दोनदा मागून घेतली होती. बायको पिठाच्या डब्याकडं बघायला लागली. "आणि ही ज्वारी? ही डाळ? मधाचा निदान कागद आला. ह्याचा कुणी कागद काढलाय?" असा कागद अजून तरी आमच्या घरात आलेला नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात निदान प्रश्न तरी विचारला जातो.

सगळा मध नानांनी खोल खड्डा काढून पुरला. उघड्यावर ओतला असता तर माश्यांनीच उचलून परत पेट्यांत भरला असता. मला वाटलं, संपली आमची दोस्ती. पण नानांनी मला टाकलं नाही, कामाला लावलं. हवालदारी शिक्षा म्हणून वर्षभर तो बांध मी खुरपला, फुलणारं सगळं राखून. मी वाकलेला दिसलो की रस्त्यानं जाणारे मुद्दाम गाडी थांबवायचे आणि चौकशी करायचे. टिंगल करता करता फवारणीची गोष्ट ऐकूनही घ्यायचे. विकलेला माल चूक सांगून स्वतः परत न्यायला आलेला माणूस त्यांनी पाहिला होता. नानांच्या शब्दाला गावात वजन आलं होतं. हळूहळू आजूबाजूचे सात-आठ जण फवारणीआधी नानांना फोन करायला लागले. काहींनी बांध राखले. सगळ्यांनी नाही. पुढच्या वर्षीचा अहवालही मीच वाचला. त्या शेवटच्या ओळीत "आढळले नाही" असं होतं. नानांनी ती मला तीनदा वाचायला लावली.

आणि आता नाना नाहीत. त्यांचा मुलगा फौजेत, लांब सीमेवर. मला धास्ती हीच, की आता त्या पेट्यांचं काय आणि राखलेल्या बांधांचं काय. फोन करायला माणूसच उरला नाही म्हटल्यावर पंप पुन्हा पाठीवर चढायला कितीसा वेळ? गेल्या आठवड्यात मी वैशालीकडं गेलो ते मनात भाषण जुळवूनच. "पोरी," मी म्हणालो, "तुला एकटीला हे झेपायचं नाही. पाटणला कुणीतरी घेईल पेट्या. मी विचारून बघतो." तेवढ्यात नानांचा मोबाइल वाजला. तो तिनं बंद केलेलाच नव्हता; उचलून स्पीकर लावला. पलीकडं संपत, माझा विद्यार्थी, माझ्यावर सगळ्यात मोठ्यानं हसणारा.

"वैनी, आमच्या बांधाला औषध मारायचं म्हणतोय उद्या. गवत लय माजलंय. सांगून ठेवावं म्हटलं."

"भाऊजी, बांध तेवढा राखा. खुरपायला माणूस देते."

"कोण मिळतंय आता खुरपायला?"

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. "मास्तरकाका येत्यात."

फोनमधून केवढं तरी हसू आलं. "मास्तर? मग एक बाई जादा सांगतो, त्यांनी गवत म्हणून उपटलेला हरभरा परत लावायला!"

मी फोन हातात घेतला. "संपत, किती वाजता यायचं ते सांग."

"सातला या, गुरुजी," तो जरा नरमून म्हणाला. "आन् फुलावर आलेल्याला हात लावायचा न्हाई बरं का. नाना ओरडायचं."

जुळवून आणलेलं भाषण मी गिळलं आणि वैशालीकडं खुरपं मागितलं. तिनं आतून नानांचं आणून दिलं. मूठ त्यांच्या पंजाच्या मापानं झिजलेली, माझ्या हातात नीट बसेना. पात्यावरून अंगठा फिरवला. त्याला तिनं नुकतीच धार लावून ठेवली होती.