वरचं पाणी

एस्तरबाई गेल्या त्या सकाळी दूधवाला आमच्या दारात येऊन म्हणाला, "इस्तरबाई दार नाई उघडून राह्यल्या." त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. आत गेले तर बाई कुशीवर, गाढ झोप लागल्यासारख्या. चष्मा उशाशी घडी घालून ठेवलेला. माझं मेडिकल स्टोअर आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी काय काय लागतं ते मी रोज विकते. त्यामुळे पहिला विचार आला तो 'सुटल्या' असाच. दफनासाठी त्यांच्या भाच्यांनी त्यांना ठाण्याला नेलं. सगळं नीट पार पडलं. एकच गोष्ट मागे राहिली होती, आणि ती मला अधूनमधून टोचत होती... त्यांच्या मुलीचा हलवा.

बाई मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या, घरात मराठीच बोलणाऱ्या ज्यूंपैकी. यजमानांची पाटबंधारे खात्यात बदली झाली म्हणून लग्नानंतर लगेच मोताळ्याला आल्या आणि इथल्या शाळेत गणित शिकवू लागल्या. गावानं पहिल्याच आठवड्यात एस्तरचं इस्तर केलं आणि पोरांनी इस्तरचं इस्तरी. ते कानावर आल्यावर बाईंनी वर्गात एवढंच सांगितलं म्हणे, "इस्तरी तापलेली आहे, जपून." पुढे यजमान गेले, रूथ लग्न करून इस्राएलला बीरशेबाला गेली, तरी बाई इथेच राहिल्या. आमची नि त्यांची मधली भिंत एकच, छातीएवढी. तिच्यावरून वाटी, ताट, पातेलं दिवसभर ये-जा करायचं.

माझ्या सासूबाईंची नि त्यांची दोस्ती झाली ती चिकावरून. आमच्याकडे उन्हाळ्यात गहू भिजवून, वाटून त्याचा चीक काढतात आणि शिजवून कुरडया घालतात. बाईंच्या लोकांत त्याच चिकाचा नारळाच्या दुधात हलवा करतात, नवीन वर्षाच्या सणाला. तो सण येतो भादव्या-अश्विनात. बाईंनी पहिल्यांदा चीक मागितला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "उनाचा पत्ता नाई अन् कुरडया काऊन घालता, बाई?" हलव्याचं कळल्यावर मात्र दर वर्षी पावसात सासूबाईच गहू भिजवायच्या, आणि सणाच्या आदल्या दिवशी चिकाचं पातेलं भिंतीवर ठेवायच्या. पण नारळ त्यांना कधी पटला नाही.

"आमची म्हैस हाय ना घरी. नारळ काऊन फोडता?"

"आमच्यात मटणाच्या जेवणात दूध चालत नाही, शांताबाई."

"मटन तं तुम्ही खातच नाई."

"आमच्या पद्धतीनं कापलेलं इथे मिळत नाही म्हणून खात नाही. म्हणून काय नियमही सोडायचा?"

सासूबाई यावर बराच विचार करून म्हणायच्या, "फोडा मंग."

शेवटची काही वर्षं बाईंना घोर होता तो रूथच्या हलव्याचा. रूथची सासू बगदादची. ती शुक्रवारी संध्याकाळी कोंबडी आणि भात मंद आचेवर चढवते, तो शनिवारी दुपारी उतरतो. जाऊ मोरोक्कोची, तिची मिरच्यांतली मासळी. शेजारीण कोचीनची, ती सारण भरून तळलेली पास्टेलं घेऊन येते. सणाला सगळ्या एका टेबलावर जेवतात आणि प्रत्येकीच्या आईचं काहीतरी त्यात असतं. रूथचा हलवा मात्र दर वर्षी लापशी व्हायचा. बाई फोनवर सगळं सांगायच्या, गहू किती दिवस भिजवायचा, कसा गाळायचा, साखर कधी. ती तसंच करायची, आणि वाटीत चमचा घालून वाढायची. "बगदाद आहे, मोरोक्को आहे, कोचीन आहे," बाई एकदा मला म्हणाल्या, "अलिबाग तेवढं पातळ." हसल्या, आणि पुन्हा फोन लावायला घरात गेल्या.

महिना उलटल्यावर रूथ घर आवरायला आली. एप्रिल होता, आमच्या अंगणात कुरडयांचा घाट. ती सासूबाईंना म्हणाली, "काकू, थोडा चीक द्याल? आईच्या गॅसवर करून बघते. इथेही बिघडला तर तो नाद सोडते." सासूबाईंनी रात्रभर ठेवलेलं पातेलं घेतलं, मोरीकडे वळल्या आणि हळूच कलतं केलं. वर साचलेलं पिवळट पाणी सगळं वाहून गेलं, तळाला पांढराशुभ्र घट्ट गोळा राहिला.

रूथ बघत राहिली. "हे पाणी टाकायचं असतं?"

"मंग काय प्यायचं असते?"

"आई कधीच बोलली नाही."

"तिले कसं ठाऊक असीन वं? मी पानी सांडूनच देत होती ना तिले."

मी कुरडयांचा सोऱ्या खाली ठेवला. इतकी साधी गोष्ट. बाईंनी माहेरी हलवा नुसता ढवळला होता आणि मोताळ्यात चीक त्यांना कायम तयार मिळाला. ती एक पायरी त्यांच्या स्वयंपाकघरात कधी आलीच नव्हती. ती आमच्या मोरीवर होत होती. मग त्या फोनवर सांगणार तरी काय? रूथ आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मी तिला नारळ फोडायला लावले.

त्या दुपारी हलव्यानं कढईच्या कडा सोडल्या. ताटात थापला, थंड झाला, आणि सुरी फिरवली तर वड्या सरळ सुटल्या. सासूबाईंनी एक तोंडात टाकली. "म्हशीचं दूध असतं तं आजून ब्येस झाला असता," म्हणाल्या आणि दुसरी उचलली.

भिंतीवरून फिरणारं ते पातेलं रूथ बीरशेबाला घेऊन गेली. त्यावर सासूबाईंचं नाव कोरलेलं आहे. आता दुसऱ्या पातेल्यात चीक असतो. परवा सासूबाई मोरीपाशी ते कलतं करताना मोठ्यानं म्हणाल्या, "पानी सांडून राह्यली वं..."

अंगणात मी एकटीच होते आणि माझं लक्ष हिशेबात होतं. "मला सांगता का, आई?"

"तुले नाई," त्या म्हणाल्या. तोंड मधल्या भिंतीकडेच होतं. "सांगाचं राहून गेलं होतं तिले."