ओट्यावरून उतरायचं नाही

सुकन्याला गप्प बसणं कधी जमलं नाही, आणि नशीब असं वात्रट की बसण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेले. कडा या बाजारगावाजवळच्या एका खेड्यात ती हातमशीनवर ब्लाउज शिवायची, तीनचाकी सायकल हातानंच हाकायची आणि गावभरच्या उठाठेवी तोंडानं करायची. अडायची ती फक्त ग्रामपंचायतीच्या ओट्यापाशी.

ओट्याला उंच पायऱ्या, आणि जनावरं चढू नयेत म्हणून पायऱ्यांच्या तोंडाशी फाटक. ग्रामसभेला थोरला भाऊ म्हाळू तिला उचलून वर ठेवी आणि सभा संपली की उचलून खाली आणी. शेळ्या राखणारा, मनाचा मोकळा माणूस. त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. पण चारचौघांत आपलं मुटकुळं उचललं जातं, तेव्हा साडी सावरावी की भावाची मान धरावी हे कळत नाही, याचा सुकन्याला संताप येई. आपलं आपण वर जायचं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिनं सरपंच विजयसिंहांचा असा पिच्छा पुरवला की त्यांनी अखेर पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार बांधून दिला.

आणि झालं काय? सुकन्याच्या आधी त्यावरून म्हाळूच्या शेळ्या चढल्या. ऊन खात पसरल्या, लेंड्या टाकल्या आणि झेंडावंदनाला आणलेले झेंडूचे हार फस्त करून मोकळ्या झाल्या. सरपंचांनी लगेच उताराच्या तोंडाशी आडवे पाईप बसवले. शेळ्या थांबल्या. सायकलही थांबली. आता याला शहाणपण म्हणायचं असेल तर म्हणा.

पुढच्या ग्रामसभेला म्हाळूनं तिला पुन्हा उचलून ओट्यावर ठेवलं. बोलावं तर शेळ्यांचा विषय निघणार, न बोलावं तर जन्मभर मुटकुळं. शेवटी ती बोललीच.

"सरपंच, ते पाईप काढा. माझी सायकल वर येत न्हाई."

"काढतो की. पर शेळ्यांचं काय करू?"

सुकन्यानं भावाकडं पाहिलं नाही. "शेळ्या म्हाळूदादाच्या हायत. त्यानं राखाव्यात. मोकळ्या कशाला सोडतो?"

सभेत हशा पिकला. म्हाळूचं तोंड एवढंसं झालं. तो उठला, पायात चपला सरकवल्या आणि चालता झाला.

सभा उठल्यावर दोघं-तिघं तिला उचलायला पुढं आले.

"हात लावू नका," सुकन्या म्हणाली. "पाईप निघाल्याबिगर मी उतरत न्हाई."

ती सरकत सरकत कचेरीच्या दारातच जाऊन बसली. शिपाई कुलूप हातात घेऊन ताटकळला. सरपंचांना गेवराईला लग्नाला जायचं होतं. ते आधी समजावत होते, मग चिडले, मग म्हाळूला फोन करून म्हणाले, "बाबा, तुझी बहीण घिऊन जा."

सुकन्याचा घसा कोरडा पडला होता, पण पाणी प्यायची भीती वाटत होती. लघवीला लागली तर नेणार कोण? आणि म्हाळू आलाच नाही तर? भावाला भर सभेत तोंडघशी पाडलं, ते तिला काट्यासारखं सलत होतं.

म्हाळू आला. पायरीपाशीच थांबला.

"इतकी वरसं उचललं तुला. कटकट केली का कधी?"

"न्हाई केलीस," ती म्हणाली. "पर दादा, तू रानात गेलास की मी ओट्याखालीच. आज बी तू निघून गेलास, अन् मी हितंच पडून हाय."

म्हाळू उताराच्या तोंडाशी गेला, पाईपांचे नट चाचपून पाहिले. मग शिपायाला म्हणाला, "पाना हाय का? शेळ्या हिकडं येऊ देत न्हाई मी."

सरपंचांनी होकाराची मान हलवली. पाईप निघाले. म्हाळूनं सायकल वर आणली, सुकन्या हातांवर जोर देऊन तीत चढली आणि तिनं ब्रेक सोडला. म्हाळू तिच्यापुढं उताराच्या मधोमध उभा होता, दोन्ही हात पसरून.

"दादा, बाजूला हो."

तो झाला.