वसंतरावांना न ओळखता आलेलं शिंग

वसंतराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिंडोरीच्या मळ्यात द्राक्षांवर फवारणी करत होतो. "बरं," म्हणालो आणि उरलेली रांग पुरी केली. दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तरी पेपरवाल्यांनी पुरवणीसाठी त्यांच्यावर चार शब्द लिहा म्हटल्यावर नाही म्हणवलं नाही.

देवळाली कॅम्पातल्या नोकरीतून निवृत्त झालेले वसंतराव बारूददानं जमवायचे. ठासणीच्या बंदुकीची दारू ज्यात ठेवत, ती जुनी शिंगं. नव्वदच्या दशकात त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी पेठपासून बागलाणापर्यंत हिंडलो. घरमालक पूर्वजांच्या लढाया सांगू लागला की ते म्हणायचे, "गोष्ट मागनं ऐकू, आधी शिंग बघू द्या." मग बुडाची लाकडी चकती, दोरीची भोकं, बूच… आत नाक घालून वास घ्यायचे आणि सांगायचे, हे डोंगराकडचं, हे बागलाणातलं. चुकले तर पुन्हा तेवढी वाट तुडवून चूक कबूल करून यायचे. माणूस हट्टी, पण थापा मारणारा नव्हे.

आमच्या घरीही एक शिंग होतं. खापरपणजोबांचं बारूददान, असं आजोबा सांगायचे. खंडेनवमीला हत्यारांबरोबर त्याची पूजा व्हायची आणि मी ते गावभर मिरवायचो. नाशकात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं, म्हणून ते बारूददानच आहे अशी चिठ्ठी वसंतरावांकडे मागितली. आठवडाभर शिंग ठेवून घेतलं आणि परत देताना म्हणाले, "मला नाही ओळखता येत." सगळ्या जिल्ह्याची शिंगं ओळखणाऱ्याला नेमकं माझंच ओळखता येईना? "जळता तुम्ही," मी तोंडावर म्हणालो. पुढे ते कॅम्पच्या बाजारात दिसले की मी रस्ता बदलायचो.

परवा हा लेख लिहिताना त्या जळण्यावरही एक ओळ लिहिली होती. माझे वडील, अण्णा, शेजारी बसले होते. त्यांना वाचून दाखवली.

"त्यानं ओळखलं व्हतं," अण्णा म्हणाले. "काठावरचे दातांचे वण दाखवाया माझ्याकडं आला व्हता. बैलांना तेल पाजायचं शिंग हाय ते. लहानपणी मीच पाजायचो. मीच म्हणलं, पोरगं लय मिरवतंय, त्याला नका सांगू."

मी ती ओळ खोडली. फार लाज वाटली… अजून वाटते.

"दहाव्याला तरी गेला व्हतास ना?" अण्णांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.