अकरा पदवीधर आणि एक डबा

आपल्या गावात यंदा एप्रिलमध्ये साडेपाच वर्षांच्या अकरा पदवीधरांनी स्टेज सोडायला नकार दिला, आणि त्याला सर्वस्वी तुमची आजी जबाबदार आहे.

रिया आणि ओम, ही हकीकत तुमच्या बाबांनी तुम्हाला फोनवर सांगितलीच असेल. पण ते अर्धं विसरतात आणि उरलेलं वाढवून सांगतात. म्हणून क्रमाने लिहिते.

आपल्या शेजारची वंदना घराच्या ओसरीत बालवर्ग चालवते. तिची पहिली तुकडी यंदा पहिलीत चालली होती. शहरातल्यासारखा पदवीदान समारंभ करायचा, असं तिने ठरवलं आणि सरळ माझ्याकडे आली.

"काकू, गाणं तुमी निवडा. तुमी तीस वर्स इंग्रजी शिकोलं."

"अगं, चार ओळींचं तर गाणं. कोणीही निवडेल."

"तसं नाही जी. मालेगावच्या शाळेची पिवळी गाडी आता गावात येऊन राह्यली. तिथं पोट्टे टाय घालतात, म्हून साऱ्या बाया तिकडंच पाहून राह्यल्या. कार्यक्रम पाहून धा नवे पोट्टे आले त ठीक, नाही त वर्ग बंद करा लागते मले."

मी तत्काळ कामाला लागले. म्हणजे तक्ता आखला. (तुमचे आजोबा म्हणतात, घराला आग लागली तर मी आधी तक्ता आखेन.) रकाने पाच: शब्द, अर्थ, पट्टी, लांबी, हातवारे. मग पालकांकडून सूचना मागवल्या, ही माझी पहिली चूक.

तुकडीतल्या पिल्याचे वडील किसन ट्रॅक्टर उभा करून आले. "मॅडम, वरातीत वाजते ना, ते बसवा. पिल्याले पाठ हाये."

"त्यात दारू आहे, किसनराव."

"एकाच कडव्यात हाये जी."

ते खोडलं. वंदनाने मोबाइलवर एक इंग्रजी गाणं दाखवलं, त्यात सतत बर्फ पडत होता. मुलांनी आयुष्यात बर्फ पाहिला होता तो रसवंतीवर, त्यामुळे गाणं सुरू झालं की सगळी उसाच्या रसाबद्दल बोलू लागत. तेही खोडलं. मग मी स्वतः एक निरोपाचं गाणं आणलं. शुद्ध, भावपूर्ण, पाचही रकान्यांत उत्तम. पहिल्याच सरावाला तुकडीतल्या गुंजाची आजी शेवंताबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिने डोळ्याला पदर लावला.

"काहून रडता, शेवंताबाई?"

"पोरगी पहिलीत चालली का सासरी, मॅडम? तुमी त जीवच काढून राह्यल्या."

अशी तेवीस गाणी गेली. समारंभ आठवड्यावर आला, वंदनाला झोप लागेना, आणि मला ती नामी युक्ती सुचली. आपल्याकडे भादव्यानंतर पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात. त्या चाली या मुलांच्या अंगातच मुरलेल्या. मी तशाच चालीवर नवे शब्द लिहिले:

"ओसरीतल्या शाळेतून आमी चाललो पहिलीले,
पाटी भरली, पिशवी भरली, सांगा आमच्या आईले."

तीन दिवसांत पाठ! सराव डबा खायच्या सुट्टीआधी होत असे. गाणं संपलं की मुलं आपोआप गोल बसून डबे उघडत. मी वंदनाला म्हटलं, "पाहिलीस शिस्त? योग्य गाणं निवडलं की असं होतं." वहीत तसं लिहूनही ठेवलं.

समारंभ संध्याकाळी होता, वंदनाची ओसरी हेच स्टेज. काळ्या अस्तराचे झगे, पुठ्ठ्याच्या टोप्या, पाहुणे म्हणून माझ्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक गुरुजी. वारा सुटला होता. प्रमाणपत्रं उडू नयेत म्हणून मी त्यांच्या सुरळ्या केल्या, बिल्ल्यांसह आपल्या स्टीलच्या मोठ्या डब्यात भरल्या, वर घट्ट झाकण लावलं आणि डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. याला म्हणतात नियोजन.

गाणं अप्रतिम झालं. मागच्या रांगेतल्या बाया, ज्यांची पोरं वंदनाला हवी होती, त्यासुद्धा टाळ्या वाजवत होत्या. वंदना म्हणाली, "आता सगळ्याइनं खाली उतरा." कोणी हललं नाही. गुंजा झगा सावरून मांडी घालून बसली. तिच्यामागून उरलेले दहा बसले. अकराच्या अकरा जणांची नजर डब्यावर.

आता तुम्हाला सांगायला हवं. भुलाबाईची गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा आणते. त्यात खिरापत म्हणजे खाऊ असतो. डबा हलवून आवाज ऐकवायचा, पोरांनी आत काय आहे ते ओळखायचं, आणि खिरापत खाल्ल्याशिवाय कोणी उठायचं नाही. हे गावात पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक आहे. माझ्या तक्त्यात मात्र त्याचा रकाना नव्हता.

गुरुजींनी बिचाऱ्यांनी डबा उचलला. आतले बिल्ले खुळखुळले.

"फुटाने!" पिल्या ओरडला.

"नाही रे बाळा," गुरुजी म्हणाले. झालं, खेळ सुरू झाला.

"शेंगदाने?"

"नाही, नाही."

"चिवडा?"

प्रेक्षकांतून शेवंताबाई उठली. "लेकराइले असं तंगवू नका, गुरुजी. गोड हाये का खारं, तेवढं त सांगा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, गोड की खारं?"

मी माइकवर जाऊन स्पष्ट शब्दांत सांगितलं, "त्यात प्रमाणपत्रं आहेत."

"सांगाचं नसते वो मॅडम!" तीन आज्या एकदम म्हणाल्या.

झाकण उघडलं. पिल्याने आपली सुरळी हातात घेतली, वास घेतला, एक कोपरा चाटून पाहिला आणि गुरुजींना अदबीने परत दिली. "हे नाही पाह्यजे." गुंजाने भोकाड पसरलं. मग सगळ्यांनीच. अकरा पदवीधर काळ्या झग्यांत हुंदके देत होते आणि मागच्या रांगेतल्या बाया उठायला लागल्या.

वंदना माझ्या कानाशी म्हणाली, "गेला माहा वर्ग, काकू." तिचा चेहरा पाहून मला माइकमागेच लपावंसं वाटलं.

"कोनी जाऊ नका," शेवंताबाईने हुकूम सोडला. "भुलाबाईचं गानं झालं ना? मंग खिरापत होईनच. मी आनतो घरून. तुमीबी आना."

उठलेल्या बाया निघाल्या त्या घरी डबे भरायला. दहा मिनिटांत ओसरीत झाकलेल्या डब्यांची रांग लागली. एकीने साखरफुटाणे आणले, एकीने तिळाची चटणी (पोरांना चकवायला), एकीने तर डब्यात नुसतं एक लिंबू ठेवून आणलं होतं. गावातली सगळी चिल्लीपिल्ली स्टेजवर चढली. हलवून ऐकायचं, वास घ्यायचा, हलका का जड ते पाहायचं, मग बोलायचं. गुरुजी कोट काढून खाली बसले आणि चिवडा दोनदा बरोबर ओळखला.

मलाही बसवलं. मी पद्धतशीर विचार करून एकूण नऊ उत्तरं दिली. नऊही चुकली. लिंबाला मी बुंदीचा लाडू म्हटलं तेव्हा गुंजाने मला अगदी प्रेमाने विचारलं, "आजी, तुमाले ऐकू येते ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनाच्या ओसरीत बायांची गर्दी. पिवळ्या गाडीच्या शाळेत टाय आहे, पण असं काही नाही, असं त्यांचं एकमत झालं होतं. वंदनाच्या वहीत चौदा नवी नावं चढली. मी अभिनंदन करायला गेले, तर ती तोंडावर पदर धरून हसत होती.

पंधरावं नाव तिने गुंजाच्या हट्टाखातर लिहिलं होतं. गुंजाचं म्हणणं, अकरा जण पास झाले, पण लिंबाला लाडू म्हणणाऱ्या आजीचं अजून कच्चं आहे, तिला बालवर्गातच बसवा. जूनपासून रोज दहाला जायचं आहे. डबा घरून न्यायचा आहे.