सात वाजताचं शून्य

पुंडलिकदादा गेल्याची बातमी आली तेव्हा माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. सकाळी दूध तापत ठेवून मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश पुढे पाठवला होता. आपल्या देशात अणुभट्टीत चालणारं थोरियम एवढं आहे की कित्येक पिढ्यांना वीज फुकटच मिळणार, असं काहीतरी. तसा मी सौरवाला, पण दादांना डिवचायला मला कोणताही पक्ष चालायचा. दादा म्हणजे माझ्या बायकोचे, मंगलाचे, थोरले भाऊ. ते अकोल्याचे आणि आम्ही अमरावतीचे. माझ्या प्रत्येक संदेशाखाली त्यांचा एकच शब्द यायचा, 'पुरावा?' त्या दिवशी त्यांच्या नावानं दोन ओळी दिसल्या, तेव्हा म्हटलं, आज स्वारी सविस्तर भांडायच्या बेतात आहे. न वाचताच मी त्यांचंच अस्त्र त्यांच्यावर टाकलं... 'पुरावा?' मग चष्मा लावला. 'बाबा सकाळी गेले. हार्ट अटॅक. निखिल.' सगळ्यांचे नंबर बापाच्याच फोनमध्ये होते, म्हणून मुलानं तिथूनच कळवलं होतं. मी पुसून टाकेपर्यंत अर्ध्या घरानं ते वाचलं होतं, मंगलानंसुद्धा. भाऊ गेल्याची बातमी तिला माझ्या प्रश्नचिन्हासकट मिळाली. दूध उतू गेलं, तिकडे कुणी पाहिलं नाही.

मेल्यावर माणूस गोड होतो म्हणतात. दादा झाले नाहीत. लग्नाच्या पंगतीत ते शेजारी बसले तर माझी भूक मरायची. अकोल्याकडच्या एका कोळशाच्या वीजकेंद्रात ते कंट्रोल रूममध्ये होते. तासातासाला उठायचं, प्रत्येक मीटरसमोर उभं राहायचं आणि काटा जे दाखवेल ते लॉगबुकात लिहायचं, अशी त्यांची नोकरी. नोकरीच्या सुरुवातीला एका दुपारी ते उठले नाहीत. मागच्या तासाचाच आकडा बसल्या बसल्या खालच्या रकान्यात उतरवला. त्या तासात एका पंपाचं बेअरिंग तापत होतं. ते जळालं, आणि उतरवताना सोबतच्या फिटरचा हात भाजला. दादांनी त्याच पानावर, सहीनिशी, 'हा आकडा मी न पाहता लिहिला' असं लिहिलं. बढती लांबली. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, मी न विचारता. त्यानंतर खोटा आकडा दिसला की हा माणूस पिसाळायचा. तो आकडा आपल्या पक्षाचा की परक्याचा, हे पाहायचाच नाही. 'सौर पॅनल बनवायला जेवढी वीज लागते तेवढीही तो देत नाही' असं त्यांचे कोळशातले जुने सहकारी ठोकून द्यायचे. दादांनी त्यांना भर निरोपसमारंभात झोडपलं. अणुवाले चालू भट्टीचा खर्च तेवढा सांगतात आणि उभारणीत गेलेली वर्षं नि मागे उरणारा कचरा गिळतात, म्हणून त्यांच्यावर तुटून पडायचे. उरले आम्ही सौरवाले. आम्ही भर उन्हाळ्याच्या दुपारचा आकडा वर्षभराचा म्हणून खपवायचो...

त्यांच्या घरी गच्चीच्या जिन्याच्या भिंतीवर, किती वीज बनतेय ते दाखवणारं सौर पॅनलचं यंत्र आहे. शेजारी खिळ्याला सुतळीनं बांधलेली शाळेची वही, तिलाच पेन. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि सात, असे चार रकाने, आणि कडेला यंत्रावरचा आजवरचा एकूण आकडा. संध्याकाळी सातच्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्य. थंडीतलं असो की मे महिन्यातलं, शून्यच. मी एकदा विचारलं, रोज शून्य लिहायला दोन मजले चढता कशाला, एकदाच खालपर्यंत शून्यं काढून ठेवा. म्हणाले, "शून्य हाय हे पाह्यलं, म्हणून लिवतो. न पाहता लिवलेलं शून्यबी खोटंच असते जवाईबापू." अमरावतीला आमच्याकडे आले की त्या दिवसांचे रकाने कोरे असायचे.

दोन वर्षांपूर्वी अमरावतीत 'अणू की सूर्य' असा परिसंवाद झाला. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. म्हणजे विजेतलं मला बटण सोडून काही कळत नाही, पण बोलायला उभा केला तर थांबत नाही. मी सूर्याच्या बाजूनं उभा राहिलो आणि रंगात येऊन सांगितलं की माझं घर चोवीस तास सूर्यावर चालतं, उद्या सगळ्यांनी असं केलं तर कोळशाची केंद्रं परवा बंद. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून दादा उठले. त्याआधी अणूच्या वक्त्याला त्यांनी सोलून काढलं होतंच, आता माझी पाळी. म्हणाले, "जवाईबापू, संध्याकाळी सातले तुमचा पंखा कशावर चालते?" मी सांगितलं, दिवसाची जास्तीची वीज आम्ही लाईनला देतो आणि संध्याकाळी परत घेतो. "म्हणजे सातले कोणीतरी कोळसा जाळून राहिला, आन् नाव सूर्याचं." सभागृह हसलं. माझं डोकं फिरलं. मी माईक ओढून म्हणालो, "ज्यांनी जन्मभर कोळशाची राख खाल्ली, त्यांना सूर्य कसा दिसणार?" अशी टाळी मला त्याआधी कधी मिळाली नव्हती. दादांच्या छतावर पॅनल माझ्या दोन वर्षं आधी बसले होते, आणि माझे कोणत्या दिशेला बसवायचे हेही त्यांनीच उन्हात उभं राहून ठरवून दिलं होतं. हे मला माहीत होतं. सभागृहाला नव्हतं. दादांनी तेही सांगितलं नाही, खाली बसले. जाताना जिन्यात एवढंच बोलले, "चुकलो म्हणा, बस. लिवून नका देऊ." मी म्हणालो नाही. नंतर दोन वर्षं मी संदेश पाठवत राहिलो आणि ते पुरावा मागत राहिले. आमच्यात बोलणं म्हणून उरलं ते एवढंच.

अकोल्यात दादांच्या घरासमोरच पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण-पंचशील झालं, बाबासाहेबांच्या आणि दादांच्या फोटोला फुलं वाहिली, आणि मग जे सुरू झालं ते ऐकून माझा जळफळाट झाला. सौर पॅनल विकणारे एक गृहस्थ उठले आणि दादा कसे सूर्याचे निस्सीम उपासक होते हे सांगून बसले. परिसंवादात दादांनी ज्याला सोललं होतं तो अणूचा वक्ता उठला. दादा शेवटी अणुऊर्जेकडेच वळले होते, आपल्याशी खासगीत बोलले होते, म्हणाला. मेलेला माणूस पुरावा मागत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. मंगला माझ्याकडे पाहत होती, परिसंवादानंतरच्या दोन वर्षांत पहिल्यांदाच सरळ. मी जिन्यावरची वही सोडून आणली आणि उभा राहिलो. म्हटलं, दादा यांचेही नव्हते आणि त्यांचेही नव्हते. ही सातची शून्यं बघा. ज्याच्या छतावर पॅनल आहे तोच रोज शून्य लिहितोय, याला उपासक म्हणायचं असेल तर म्हणा. मग राखेचं ते वाक्य सांगितलं, आणि तेव्हा मला काय माहीत होतं तेही. "मी चुकलो. खोटं बोललो." टाळी नाही, काही नाही. मागे कुणीतरी खोकलं, सूत्रसंचालकानं पुढचं नाव घेतलं...

पाहुणे पांगल्यावर मी वही पुन्हा खिळ्याला बांधायला गेलो. दादा गेले त्या दिवसापासूनचे रकाने कोरे होते. ते पाहवेना. यंत्रात आजचा एकूण आकडा होता, वहीच्या कडेला दादांनी लिहिलेला शेवटचा एकूण होता. वजाबाकी केली, दिवसांनी भागलं, म्हटलं समसमान भरून टाकू, निदान दादांची वही तुटायला नको. पहिला आकडा लिहिणार तोच मंगलानं मागून पेन काढून घेतला.

"काय करून राहिले?"

मी सांगितलं. तिनं त्या कोऱ्या रकान्यांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "इथं कोणी उभं होतं का? मंग काहून भरता? तुमची आजची माफीबी अशीच हाय. वेळ गेल्यावर भरलेला रकाना." पेन तिनं परत माझ्या हातात दिला. "कोरे राहू द्या ते. सात वाजून राहिले. पहिले चष्मा लावा, आन् आजचं तरी डोळ्यानं पाहून लिवा."