रेघ नसलेले धवले

आमच्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टम जुनी झाली होती आणि तो रोज तेच तेच सांगून माझं डोकं खात होता. शेवटी एका रविवारी मी बसलेच. रस्ते दोन होते. एक, आहे त्यावरच नवी सिस्टम चढवायची, म्हणजे सगळं जागच्या जागी राहतं. दुसरा, सी ड्राइव्ह साफ पुसून पाटी कोरी करायची. मला अर्धवट कामं आवडत नाहीत. दिवाळीत माळा काढला की मी रिकामे डबेसुद्धा घासते. आणि भ्यायचं कशाला? सगळ्या फाइली डी ड्राइव्हवर होत्या. सी उडाला तरी डी राहतो, हे घोडबंदर रोडवरच्या आमच्या टॉवरमध्ये शेंबडं पोरही सांगेल.

डी राहिलाच. त्यातली सासूबाईंच्या धवल्यांची फाइल मी सगळ्यात आधी उघडली. पानंच्या पानं नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. मराठी म्हणून काही नाही.

सासूबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला धवला गायचा, तो त्यांनी. गळा गेला तेव्हा त्यांनी सगळे धवले मला सांगितले आणि मी ते टाइप केले, लग्नपत्रिकांसाठी वापरायचे त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट सीवर होता. फॉन्ट नसला की त्याच्या फाइली अशाच दिसतात, हे मला ठाऊक होतं. ऐन वेळी सुचलं नाही, अक्कल चरायला गेली होती. नौपाड्यातल्या ज्या दुकानातून फॉन्टची सीडी आणली होती, तिथे आता मोमो मिळतात. परवा सासूबाईंच्या नातीची हळद, आणि नव्या धवलारणीला धवल्यांचे छापील कागद द्यायचे होते.

सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी धीर करून म्हटलं, "झालं आई, निघतील कागद."

त्या वाकून बघत राहिल्या. "याला वरची रेघ नाय गो. माज्या धवल्यांना व्हती."

मग सगळं सांगून टाकलं. त्या चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "जाऊ दे. मी सांगतंय, तू लिव परत."

बसक्या आवाजात त्यांनी हळदीच्या धवल्याच्या दोन ओळी सांगितल्या आणि तिसरीला थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडल्या. दुसरा धवला धरला, तोही अर्ध्यात सुटला. मी कीबोर्डवर बोटं ठेवून नुसती बसले होते.

"पुढचं तू सांग," त्या म्हणाल्या.

"मला कुठे पाठ आहे, आई?"

"तू लिवून घेतलंस, तवापासून मी ध्यानात ठेवाचं सोरून दिलं."