विहाराची पुस्तकं, विद्यापीठाचं रजिस्टर

नार्नूरच्या बस स्टँडवर बाबा मला सोडायला आले तेव्हा त्यांनी शाळेचा खाकी सदरा घातला होता. बाबा शाळेत शिपाई होते आणि महत्त्वाच्या कामाला निघाले की तोच सदरा घालत, मग काम शाळेचं असो की सोयरिकीचं. माय स्टँडवर आली नाही. दारातूनच म्हणाली, "जाय बाई, पण लवकर येजो." बाबांनी माझी पेटी टपावर चढवली, कंडक्टरशी तेलुगूत दोन शब्द बोलले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तिथं कोणाले घाबरू नको. पुस्तकाले जपजो." मी वीस वर्षांची होते. 

आपल्या भागातून नागपूरला, हैदराबादला, एखादा तर थेट दुबईला गेलेल्यांनो, तुम्ही हे वाचून हसाल. माझं स्थलांतर दोन बसचं. नार्नूर ते उटनूर, उटनूर ते इचोडा. जिल्हा तोच, आदिलाबाद. माती तीच काळी. पण गाव सोडायला किती लांब जावं लागतं ते बसच्या तिकिटावर लिहिलेलं नसतं. घरी मी शीला होते, इथे शीला मॅडम झाले. घरी ज्वारीची भाकरी, इथे खोलीखालच्या ढाब्यावर सकाळी इडली आणि दिवसभर नागपूर-हैदराबाद ट्रकांचे हॉर्न. ट्रकवाल्यांशी हिंदी, ऑफिसात तेलुगू, वर्गात मोडकं इंग्रजी. मराठी फक्त मनात उरली, आणि पत्रात.

रस्त्याला लागून कापसाची एक बंद पडलेली जिनिंग होती. तिच्या मालकानं तिथेच कॉलेज काढलं. आम्ही त्यांना चेअरमनसाहेब म्हणायचो. वाईट माणूस नव्हता, पण त्याला सगळ्याचीच घाई. पाट्या आधी लागत, भिंती मागून येत. पहिल्या वर्षी चाळीसेक पोरं-पोरी होती, तांड्यांवरची, गोंडांच्या गुड्यांवरची, कापूसवाल्यांची, आपली. वर्ग चालू असताना आढ्यातून जुन्या कापसाचे तंतू वह्यांवर पडत आणि पोरं फुंकर मारून लिहीत राहत. मी ग्रंथालयाची क्लार्क. ग्रंथालय म्हणजे सरकीच्या गोदामातली दोन कपाटं, त्यातलं एक अर्धं रिकामं.

ही नोकरी मला मिळाली त्याचं कारण एवढंच, की मी पुस्तकांत वाढले होते. आमच्या गावच्या विहारात एक कपाट होतं आणि त्याची किल्ली बाबांच्या करदोड्याला. दरवर्षी दसऱ्याला जो कोणी नागपूरला दीक्षाभूमीवर जाई, त्यानं येताना विहारासाठी एक पुस्तक आणायचं, असा आमच्या वस्तीचा रिवाज. ज्याला अक्षर येत नसे तोही आणी, दुकानदाराला "चांगलं पाहून दे" म्हणून. बाबा त्यावर विहाराचा शिक्का मारत, एकदा पहिल्या पानावर आणि एकदा चौदाव्या. पहिलं पान कोणीही फाडतं, चौदावं फाडायचं कोणाला सुचत नाही, हे त्यांचं शास्त्र. चौदाच का, तर चौदा एप्रिलची जयंती आणि चौदा ऑक्टोबरची दीक्षा. अशी साडेतीनशेच्या घरात पुस्तकं जमली होती. प्रत्येकामागे एकेका घराचं नाव होतं आणि ते बाबांना पाठ होतं.

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या मान्यतेसाठी विद्यापीठाची कमिटी येणार असं कळलं. मान्यता मिळाली नाही तर पोरांचं पहिलं वर्ष पाण्यात, परीक्षेला बसताच येणार नाही. प्रिन्सिपॉलसार रोज माझ्या टेबलाशी येऊन कपाटाकडे बघत आणि निघून जात. कमिटी पुस्तकं मोजणार होती. शेवटी ते म्हणाले, तुमच्या गावात वाचनालय आहे म्हणता ना? आठ दिवसांपुरती आणता येतील का?

मी बाबांना पत्र लिहिलं. त्यात पोरांच्या वर्षाबद्दल लिहिलं, आठ दिवसांचं लिहिलं, आणि माझी नोकरी जाईल हेही लिहिलं, जे कोणी म्हटलेलं नव्हतं. चौथ्या दिवशी बाबा दोन ट्रंका घेऊन इचोड्याला उतरले, खाकी सदऱ्यात. वस्तीतल्या सगळ्यांना विचारून आले होते. एका म्हातारीनं नाही म्हटलं होतं, मग तीही तयार झाली. चहासुद्धा न घेता ते परतीच्या बसला गेले. जाताना एवढंच म्हणाले, "लोकायची हायेत, शीले."

मी दोन दिवस खळ शिजवून पहिल्या पानांवर कॉलेजची लेबलं चिकटवत बसले. विहाराचा शिक्का त्याखाली झाकला. चौदाव्या पानाची आठवण मला होती, अगदी होती. पण बाहेरचा माणूस चौदावं पान कशाला उघडेल?

कमिटीत तिघं आले. दोघं प्रयोगशाळेकडे वळले, तिसरे, उंचसे सावळे प्राध्यापक, कपाटासमोर थांबले. एक पुस्तक काढलं. पहिलं पान पाहिलं, लेबलावरून अंगठा फिरवला आणि सरळ चौदावं पान उघडलं. दुसरं पुस्तक काढलं, पुन्हा तेच.  ते मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "कोण्या गावचं विहार हे?"

मी सांगितलं. खोटं बोलायचं बळच नव्हतं. बाबांचं नाव सांगितलं, दसऱ्याचं सांगितलं, चाळीस पोरांचं सांगितलं. त्यांच्याही गावी असंच कपाट होतं आणि तिथंही चौदावंच पान होतं, असं ते म्हणाले. आता ते सोडून देतील असं मला वाटलं. पण त्यांनी खिशातून पेन काढून टेबलावर ठेवलं.

"मी खोट्यावर दस्तखत करत नसतो. दाखल रजिस्टरात चढलेलं पुस्तक मी कॉलेजचं मानतो. चढवा. मी बसतो इथं."

दाखल रजिस्टर म्हणजे ग्रंथालयाचा सातबारा. त्यात शाईनं नंबर पडला की पुस्तक संस्थेचं, ते कोणाच्या शब्दावर बाहेर निघत नाही. हे मला माहीत होतं, त्यांनाही होतं. दाराबाहेर पोरं उभी होती, धुतलेले कपडे घालून, ओळीत. प्रिन्सिपॉलसार हात चोळत होते. मी एवढंच म्हणू शकले असते, "सर, एकदा बाबांना विचारते." ते म्हटलं नाही. पेन उचललं आणि लिहायला लागले. दिवस मावळेतो मी माझ्या वस्तीतल्या प्रत्येक घराचं पुस्तक एकेक करून कॉलेजच्या नावावर केलं.

मान्यता मिळाली. पोरांनी गुलाल उडवला, मला पेढा भरवला. 

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमच्यातल्या कितीतरी जणांची पोरं तिथे शिकली. जिनिंगचा पत्रा गेला, स्लॅब आला. विज्ञान शाखा आली, मुलींचं हॉस्टेल, बी.एड., मग पदव्युत्तर वर्ग. रस्त्यावरच्या बस "कॉलेज स्टॉप" म्हणून थांबायला लागल्या. प्रत्येक नव्या शाखेला नवी कमिटी, आणि प्रत्येक कमिटीपुढे तीच पुस्तकं. मी प्रिन्सिपॉलसारांना विचारायची, आता सोडायची का? ते म्हणत, "रेपु चूद्दाम अम्मा," उद्या बघू. सार चांगले होते आणि त्यांचा उद्या फार लांब होता. कॉलेज वाढत होतं याचा मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. पहिल्या बॅचमधली गोंडाची एक पोरगी मास्तरीण होऊन मला भेटायला आली तेव्हा मी रडले. आणि त्याच संध्याकाळी बाबांचं पत्र आलं असेल या भीतीनं मी पोस्टमनला चुकवलं.

बाबांनी दोनदाच विचारलं. पहिल्या वर्षी पत्रात, दुसऱ्या वर्षी समोरासमोर. मी दोन्ही वेळा "होते आहे, कागद चालू आहेत" म्हटलं. त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं, आणि ते मला जास्त जड गेलं. माय मात्र बोलायची. "लोकं विचारून राह्यले बाई. त्या कपाटात आता सतरंज्या ठेवतेत. तू काऊन येत नाही चौदा एप्रिलले?" मी परीक्षा आहेत म्हणायची. दोन बसवर घर, पण मी पाहुण्यासारखी दुपारी जायची आणि दिवस मावळायच्या आत निघायची, वस्तीतलं कोणी भेटू नये म्हणून मागच्या गल्लीनं.

नव्वदच्या दशकात कॉलेजला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मोठी कमान उभी राहिली, ग्रंथालयाला तीन मजली इमारत, मी सहायक ग्रंथपाल. नव्या ग्रंथपालांनी जुन्या पुस्तकांची तपासणी काढली. मराठी विभाग नाही, मराठी वाचक नाहीत, तर ही पुस्तकं रद्दबातल करावीत, असा ठराव झाला. यादी माझ्याकडेच सहीला आली. ज्या पुस्तकांवाचून एकेकाळी कॉलेज उभं राहणार नव्हतं, त्यांना आता ठेवायला फळी नव्हती. मला आधी संताप आला, मग हलकं वाटलं. सही केली, आणि रद्दीच्या गठ्ठ्यांऐवजी ती मला द्यावीत असा अर्ज दिला. अर्ज मंजूर झाला.

मी पुस्तकं जीपमध्ये घालून नार्नूरला निघाले. बाबा काय म्हणतील, घेतील का, वस्तीतले काय म्हणतील. त्यातून आदल्या रात्री मोजताना सात पुस्तकं सापडलीच नव्हती. कुठल्या मजल्यावर, कुणाच्या घरी गेली, कोण जाणे.

बाबा थकले होते. विहाराच्या ओसरीवर बसून त्यांनी एकेक पुस्तक हातात घेतलं, चौदावं पान पाहिलं आणि बाजूला ठेवलं. मग आतून एक वही आणली. मी ती वही कधी पाहिली नव्हती. विहारातून कोणी पुस्तक नेलं की त्यात नाव लिहीत. बारा वर्षांपूर्वीच्या पानांवर एकाखाली एक पुस्तकांची नावं होती आणि समोर प्रत्येक ओळीत एकच नाव, शीला. हरवलं नाही, दिलं नाही, नेलं. बाबांनी कोणाजवळ मला दोष दिला नव्हता. वस्तीत कोणी विचारलं की म्हणत, "पोरगी वाचून राह्यली."

मी सात कमी असल्याचं सांगितलं.  त्यांनी एकेक ओळ खोडत आणली, सात ओळींवर थांबले आणि पेनाचं टोपण लावलं.

"हे राहू दे तुह्या नावावर," ते म्हणाले. "याच्या निमित्तानं तरी येशील."

बाबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. वही आता मायकडे आहे, तिला वाचता येत नाही, पण माझं पान तिला बरोबर उघडता येतं. मी जिथे जाते तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळते. सातातली तीन मिळाली, एकेक द्यायला तीनदा गावी राहून आले, पुढच्या गल्लीनं गेले. लोक विचारतात, घर आता कुठलं, विद्यापीठाच्या क्वार्टरमधलं की नार्नूरकडचं? ज्या घरातल्या वहीत अजून माझ्या नावावर चार ओळी आहेत, ते. त्या चार पुस्तकांची मला मुळीच घाई नाही.